सुतकातला टीव्ही

बाबाराव लांजेवारांचं दहावं व्हायच्या आत, भर सुतकात, त्यांच्याच घरी टीव्ही लागला, त्यावर त्यांचा नातू रविंद्र दिसला आणि गल्लीसमोर लांजेवारांची लाज गेली. असं काही झालं नाही. रविंद्रच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, घरातल्या प्रत्येकाकडून तसं वदवून घेतलं आहे, आणि नागपूरच्या महाल भागात कोणी विचारलंच तर त्या रविवारी आमचा टीव्ही चादरीखाली होता. तेव्हा जे झालं नाही ते नीट क्रमाने सांगितलेलं बरं, म्हणजे पुढच्या पिढ्यांचा घोळ व्हायला नको.

चादर गोविंदरावांनीच घातली होती. बाबाराव, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आबा, शेतीचा कार्यक्रम पाहता पाहता गेले. जन्मभर गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, शेत म्हणावं तर दारात एक तुळस. पण कपाशीवरच्या माव्याची त्यांना अशी काळजी की फवारणीचं औषध सांगायला लागले की घरात बोलायची बंदी. त्या संध्याकाळी फवारणी संपली, बातम्या लागल्या, तरी ते हलले नाहीत. त्यांच्या बायकोने, सत्यवतीबाईंनी, जेवायचं विचारलं तेव्हा कळलं. त्याच्या थोडं आधी ते बोलले होते. म्हणाले, "अँटेना सरकला वाटते. निंबाकडं घ्या." हे त्यांचे शेवटचे शब्द. गोविंदरावांना ते फार हलके वाटले. भेटायला येणाऱ्यांना ते सांगू लागले, "राम म्हणाले अन् मान टाकली."

टीव्हीवर मग पांढरी चादर आली. चार पायांचा, लाकडी दारांचा तो टीव्ही चादरीखाली असा काही दिसायचा की बसायला येणारी माणसं आधी त्यालाच हात जोडायची. सुरुवातीला येणारे तुरळक होते. बुधवारी गाण्यांच्या वेळेला मात्र बैठक भरली, आणि चादर निघत नाही हे पाहून लवकरच पांगली. रविवारी दुपारपासूनच लोक येऊ लागले. संध्याकाळी सिनेमा असतो. समोरच्या कांताबाई तर आपलं बसकर घेऊनच आल्या आणि चादरीच्या बरोब्बर समोर बसून डोळ्याला पदर लावला.

रविंद्र दाराशी उभा होता. आज सिनेमाच्या आधी तरुण पोरांचा कार्यक्रम होता. त्यात 'यंग स्टार ऑर्केस्ट्रा, महाल' वाजवणार होता. त्यात कोंगोवर रविंद्र होता. हे गल्लीतल्या पोरासोरांनासुद्धा माहीत होतं. रविंद्र त्यात वाजवण्याआधी काय बोलला होता, हे मात्र फक्त त्याला आणि मधुसूदनला माहीत होतं.

मधुसूदन म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक, गायक आणि बेलबॉटमचा शेवटचा इमानदार माणूस. चित्रीकरण दिवाळीच्या आधी मुंबईला झालं होतं. यांच्या आधीच्या पार्टीतल्या गायकाने कॅमेऱ्यासमोर आईच्या आजारपणाचं सांगितलं, तर त्यांना एक गाणं जास्तीचं मिळालं. मधुसूदन रविंद्रच्या कानात म्हणाला, "दुःख काढ बे काहीतरी." रविंद्रकडे त्या वेळी एकही दुःख तयार नव्हतं. तेवढ्यात त्या सूत्रसंचालक बाईंनी विचारलं की घरच्यांचा पाठिंबा आहे का. रविंद्रची जीभ त्याच्या आधी बोलते, हा त्याचा लहानपणापासूनचा रोग. तो म्हणाला, आजोबांचा विरोध होता. बाई म्हणाल्या, मग? रविंद्र म्हणाला, मग ते वारले.

बाईंचा चेहरा इतका पडला की रविंद्रला तिथेच थांबवेना. जाताना माझा हात धरून म्हणाले, बेटा रवी, वाजवत राह, असंही त्याने सांगून टाकलं. एक गाणं जास्तीचं मिळालं.

त्या दिवशी आबा नागपुरात धडधाकट होते. रविंद्रला मुंबईच्या गाडीत बसवायला स्टेशनवर तेच आले होते, आणि पुरीभाजीचा डबा त्यांनी गाडी हलेपर्यंत खिडकीतून धरून ठेवला होता. आबांचा गाण्यांना विरोध होता हे खरं, पण त्याची तऱ्हा वेगळी होती. बुधवारी गाणी लागली की ते खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ करायचे. गाणं ऐकाचं असते, पाहाचं काहून, म्हणायचे. आणि गाणी संपेपर्यंत घरातल्यांची तोंडं पाहत बसायचे. रविंद्र मुंबईहून आला तेव्हा मात्र ते म्हणाले होते, "तुह्या वेळी खुर्ची नाई फिरवत, पोट्ट्या. समोर तोंड करून पाहीन."

रविंद्रने मग खोकल्याची तालीम सुरू केली. ते वाक्य आलं की असा खोकायचं की घर हादरलं पाहिजे. तीन-चार खोकले त्याने बसवले होते. ठरलेल्या रविवारी आबा सकाळपासून खुर्ची समोर करून बसले, रविंद्र शेजारी खोकत तयार राहिला, आणि कार्यक्रमाऐवजी क्रिकेटचा कसोटी सामना लागला. कार्यक्रम पुढे ढकलला होता. आबांना कोणी ते सांगूनही पटेना. ते दिवसभर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांकडे पाहत होते आणि मधूनमधून विचारत होते, "यातला रवी कोनता?"

पुढचा रविवार काही त्यांना दिसला नाही.

आता रविंद्रचा सगळा भरवसा बापावर होता. बाप-लेकाचं गेल्या चार वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. केसांवर नाही, ऑर्केस्ट्रावर नाही, बी.कॉम.वर तर नाहीच. पण गोविंदरावांनी तेरवीपर्यंत टीव्ही बंद म्हटलं, आणि रविंद्र लगेच बापाच्या बाजूने उभा राहिला. अगदी बरोबर आहे म्हणाला. सुतक म्हणजे सुतक म्हणाला. गोविंदरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं घरात कोणी परका माणूस शिरला आहे.

विरोधी बाजूला आत्या होती. इंदुताई सावनेरहून आली होती ती तारेच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्याची लाज ती येणाऱ्या प्रत्येकीला सांगून हलकी करत होती. कारण कावळ्याचं होतं. काही वर्षांमागे आबांच्या डोक्यावर कावळा बसला होता. असं झालं की माणूस मेल्याची खोटी बातमी जवळच्याला कळवतात. त्याने खरंखुरं रडून घेतलं की मरण टळतं. सत्यवतीबाईंनी लेकीला तार करायला लावली. इंदुताई सावनेरहून बसमध्ये रडत आली, आणि दारात पाहते तर आबा ओसरीवर भजे खाऊन राहिले. ती वर्षभर माहेरी बोलली नव्हती.

"म्हून या बारीनं तार आली तं मी रडलीच नाई, बाई," ती कांताबाईंना सांगत होती. "म्हटलं कावळा बसला असन. सारे कपडे धुतले, वाळू घातले, मंग निघाली."

कांताबाईंनी तोंडाने हळहळ केली आणि डोळ्याने चादरीकडे पाहिलं. आज तर रवीचा कार्यक्रम होता ना, असं त्या चादरीलाच विचारल्यासारखं म्हणाल्या.

रविंद्र पुढे झाला. आबा गेले, आता कसला कार्यक्रम, म्हणाला. मला पाहायचाही नाही. तो हे मनापासून बोलला, आणि घात झाला तो तिथेच. कारण मनापासून बोललेला रविंद्र त्या घराने आजवर पाहिलाच नव्हता. त्याची आई प्रेमिला स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पदराने नाक पुसू लागली. इतके दिवस ती नवऱ्याच्या बाजूने होती. आता म्हणाली, पोरगं मन मारून राहिलं, तुमाले दिसत नाई का. इंदुताई म्हणाली, आबांची किती इच्छा होती. रविंद्र म्हणाला, इच्छा बिच्छा काही नव्हती. त्यावर दोघीही रडल्या. तो जितका नको म्हणे तितका तो थोर होत चालला. गरुडपुराण, शेजारपाजार, लोक काय म्हणतील, होतं नव्हतं ते त्याने सगळं काढलं. आणि गोविंदराव, ज्यांनी हीच वाक्यं त्याला जन्मभर ऐकवली होती, ती त्याच्या तोंडून ऐकून पार विरघळले.

"मी याले आजवर काही सोडताना पाह्यलं नवतं," ते बैठकीला म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. "पण बाई, सुतकात बटनाले हात कोन लावन?"

"माह्यं फिटलं न सुतक," इंदुताई म्हणाली. "लेकीले तीनच दिवस. मी परक्या घरची. बटन मी दाबतो, तुमी बसून राहा जागच्या जागी."

यावर शास्त्रात उत्तर नव्हतं. गोविंदरावांनी तरी एक वाट काढली. त्यांनी आबांची खुर्ची ओढली, टीव्हीकडे पाठ केली आणि तिच्यावर बसले. लावणारी ती, पाहणारे तुम्ही. मी पाहिलं नाही. इंदुताईने चादर ओढली. बसलेल्यांतून असा सुस्कारा निघाला की बाहेरच्याला वाटावं, आत्ताच कोणी गेलं.

पडद्यावर नुसत्या मुंग्या. रविंद्रला देवाचं अस्तित्व पटू लागलं होतं, इतक्यात कोणीतरी म्हणालं, अँटेना पाहा गा.

"मी पाहतो," म्हणून तो गच्चीवर पळाला. बिघडवायचं तर यापरता मोका नव्हता. अँटेना नेहमी स्टेशनच्या दिशेला असायचा. त्याने खांब दोन्ही हातांनी धरला आणि भलतीकडे, म्हणजे शेजारच्या पाटलांच्या निंबाकडे फिरवला. खालून आरोळी आली, आलं! त्याने घाबरून आणखी फिरवला. कांताबाई खिडकीतून ओरडल्या, "हलवू नको बाप्पा, मानसाचे दात दिसून राहिले!" त्या घरात टीव्ही आल्यापासून इतकं स्वच्छ चित्र कधी आलं नव्हतं. रविंद्र खांबाला धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला. निंबाकडं घ्या, असं आबा म्हणाले होते. कोणी वर येऊन फिरवलंच नव्हतं.

तो खाली आला तेव्हा पडद्यावर तोच होता. चमकीचा शर्ट, कानांवर केस. एका म्हाताऱ्या बाईने पडद्यावरचा रविंद्र पाहिला, दारातला पाहिला आणि दारातल्याला चिमटा काढून खात्री केली. बाई विचारत होत्या, घरच्यांचा पाठिंबा आहे का. रविंद्रला खोकायचं होतं. बसवलेले सगळे खोकले त्याच्याकडे होते. घशातून एकही बाहेर आला नाही.

"आजोबांचा विरोध होता," पडद्यावरचा म्हणाला. "मग?" "मग ते वारले."

मग हात धरल्याचं आलं, बेटा रवी आलं, वाजवत राह आलं, आणि कांताबाईंनी पहिला हंबरडा फोडला. त्यांच्यामागून सगळ्यांनी. इतक्या दिवसांत आबांसाठी इतकं कोणी रडलं नव्हतं. एक जण म्हणाला, दिल्लीपर्यंत बातमी पोचली पाहा. दुसरा म्हणाला, साध्या जॉबरसाठी सरकारनं सांगितलं. टीव्हीत दिसतं ते आत्ताच चाललेलं असतं, याबद्दल तिथे कोणालाच शंका नव्हती. रविंद्र दारात उभा होता, तरीही नव्हती.

फक्त एक माणूस टीव्हीकडे पाहत नव्हता. गोविंदराव पाठ करून बसले होते, त्यामुळे त्यांच्यासमोर बैठक होती, आणि बैठकीच्या शेवटी रविंद्रचं तोंड. ते कानाने वाक्य ऐकत होते आणि डोळ्याने पोराचं तोंड वाचत होते. रविंद्रने नजर खाली घातली. खाली चपलांचा ढीग होता. त्यातला एखादा जोडा होऊन जावं, असं त्याला फार वाटलं.

कोंगो वाजू लागला. तेवढ्यात कांताबाईंनी नाक पुसलं आणि त्यांना आठवलं. "पन गोविंदराव, तुमी तं म्हनत होते, राम म्हनले अन् मान टाकली."

रडणं थांबलं. माना गोविंदरावांकडे वळल्या. इंदुताई तर केव्हाची तोंड आवळून होती. तिला दुसरंच लागलं होतं. "मले कधी बेटा म्हटलं नाई त्यायनं," ती म्हणाली. "अन् याले म्हटलं? अन् दादा, तू मले सांगतलं नाई?"

रविंद्रला वाटलं, आता बाप उठेल आणि सांगेल. सांगायला हवंच होतं. एका वाक्यात सगळं निपटलं असतं. पण मग ते रामाचंही निपटलं असतं. गोविंदरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. जन्मभर सत्याचा तोरा मिरवलेला माणूस. त्यांच्या मानेवर घाम आला होता.

"आंदी राम म्हनले," ते म्हणाले. "मंग बेटा म्हनले. मंग मान टाकली."

आतल्या दाराशी सत्यवतीबाई बसल्या होत्या. शेवटच्या वेळी नवऱ्याजवळ त्याच होत्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं आणि उठून आत गेल्या.

सिनेमा सुरू व्हायच्या आत गोविंदरावांनी इंदुताईला बटण बंद करायला सांगितलं. चादर पुन्हा चढली. सांत्वनाला आलेल्यांची थोडी चुळबूळ झाली, कोणीतरी सिनेमाचं नाव हळूच घेऊन पाहिलं, मग एकेक जण जोडे शोधू लागला. कांताबाई बसकर गुंडाळून गेल्या. इंदुताई भावाशी न बोलता प्रेमिलाच्या मागे स्वयंपाकघरात गेली. आतापर्यंत नणंद-भावजयीचं सूत नव्हतं, आज एकदम जमलं.

बैठकीत दोघंच उरले.

"टेशनवर आबाच आले होते न तुले सोडाले?" गोविंदराव म्हणाले.

"हो."

"डबा धरून."

"हो."

रविंद्रला शिव्या हव्या होत्या. एक थापड मिळाली असती तर त्याने ती आनंदाने घेतली असती. गोविंदराव नुसते खुर्ची सरळ करत राहिले. टीव्हीकडे करावी की भिंतीकडे, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी म्हणाले, "आज आपल्या घरी टीव्ही लागला नाई. समजलं? कोनी विचारलं तं लागला नाई." आणि मग पोराकडे न पाहता, "मी बी काही बोललो नाई."

बापाच्या तोंडची ती भाषा रविंद्रला ओळखीची वाटली. ती त्याची स्वतःची होती.

आत आजी पाटावर बसून वातीसाठी कापूस पिंजत होती. तिने त्याला समोर बसवलं.

"कवा बोलला तू हे?"

"दिवाळीच्या आंदी."

"तवा हे होते."

"होते."

"भजे खात होते?"

"टेशनवरून घरी येऊन तुह्या हातची शेव खात होते, आजी. तूच सांगतलं मले." एवढं बोलून रविंद्रची जीभ पहिल्यांदाच त्याच्या मागे राहिली. तो मान खाली घालून बसला आणि त्याचं नाक वाहू लागलं.

आजीने थोडा कापूस ओढला. मग म्हणाली, "म्हंजे खोटीच बातमी होती."

"हो."

"मंग चांगली बातमी होती ते. कावळ्याच्या वक्ताले इंदूले तार केली, ते रडली, अन् हे वाचले. तू बी तसंच केलं. पन रडाले कोनी नवतं न, पोट्ट्या. त्या टीव्हीवाल्यायनं दाखवलीच नाई वक्तावर." तिने वात वळली, मोडली, पुन्हा वळली. "त्या बॅटबॉलच्या दिवशी दाखवली असती, तं आमी साऱ्यायनं रडून घेतलं असतं. हे खुर्चीवर बसून होते. म्हनले असते, मी जिता हावो, काहून रडता. झालं असतं."

रविंद्रने आजीच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. त्या घरात थट्टा तो एकटाच करायचा.

"लिही त्यायले," आजी म्हणाली. "तुले लिहता येते न? बी.कॉम. शिकून राहिला."

तिच्या समोरच बसून त्याने लिहिलं. तिला दोनदा वाचून दाखवलं. तिने एक ओळ वाढवायला सांगितली, ती शेवटची.

प्रति,
मा. संचालक,
टीव्ही केंद्र.

विषय: नंतर झालेला कार्यक्रम आधी झाल्याचे मानण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, आपल्या केंद्राचा तरुणांचा कार्यक्रम हा मूळ ठरल्याप्रमाणे कसोटी सामन्याच्या रविवारीच दाखविण्यात आला, असे मानण्यात यावे. सदर रविवारी श्री. बाबाराव लांजेवार, राहणार महाल, हे हयात असून खुर्चीवर हजर होते व खुर्चीचे तोंड टीव्हीकडे होते. घरातील सर्व मंडळी त्या दिवशी रडण्यास उपलब्ध होती. तरी आज झालेले रडणे मागील तारखेस वर्ग करून घ्यावे, अर्जदाराने केलेले विधान प्रथेप्रमाणे खोटी बातमी म्हणून दाखल करावे, आणि त्या अनुषंगाने सदर इसमास पुढील आयुष्य नियमानुसार मंजूर करण्यात यावे, ही विनंती.

सोबत कळविण्यात येते की, अँटेना निंबाकडे घेतलेला आहे.